ज्वारीतला खडा

रिसोडहून जऊळक्याला जाणाऱ्या जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. पंचविशीतली पोरगी, दोन्ही हातांनी एक छोटी डबी छातीशी धरलेली. गचका बसला की दांडा धरायचा सोडून डबीच सावरायची.

"सोनं हाय काय वं?" मी विचारलं.

"खडा हाय, आजी. तांबं असलेला स्फटिक, भट्टीत वाढवला. पह्यले दोन वाटेत तडकले. हा धड पोचला तरच प्रयोगशाळेत तपासता येईन."

तिने दाखवला. हरभऱ्याएवढा, काळा. त्यात म्हणे डोळ्यांना न दिसणारी चुंबकं असतात, तिघांतिघांच्या गटात. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं. दोघांचं जमतं, तिसऱ्याचं जमत नाही.

"आमी तिघी जावा तशाच होतो," मी म्हटलं.

ती हसली. "खोबरेल थंडीत थिजते ना? हे चुंबकं कितीबी थंड केले तरी थिजत नाहीत, तोंडं फिरवतच राह्यतात. काहून, तेच पाहाचं हाय."

"पाहून काय भेटन?"

"ते अजून मलेबी मालूम नाही."

खोटं बोलली नाही, म्हणून मला आवडली. मी तिचा रिकामा जेवणाचा डबा मागितला, माझ्या पिशवीतली ज्वारी त्यात भरली आणि डबी मधोमध पुरली. माहेराहून अंडी आम्ही अशीच आणतो, एक फुटत नाही. मग कुठे तिने दांडा धरला.

जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनवर तिने डबी उघडून पाहिली. "धड हाय, आजी!" डबी पुन्हा ज्वारीत पुरून ती गाडीकडे पळाली.

जन्मभर ज्वारीतले खडे वेचून फेकले. हा एक मात्र मीच घातला.