मागच्या बाकावरचं पोर

आमच्या हिला ऑफिसात ‘म्हणजे-काय-बाई’ म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला माहीत आहे. शिक्षणावरचे संशोधन-निबंध वाचायचे आणि सगळ्यांतून मिळून काय निघतं ते सांगायचं, ही तिची नोकरी. त्यातच केस पिकले. जेवणाच्या टेबलावर कायम तिचे गठ्ठे, आणि मी आपला ताट मांडीवर घेऊन.

या खेपेचा शब्द होता ‘सहभाग’. दुपारच्या जादा वर्गांमुळे मुलांचा सहभाग वाढतो का, एवढंच सांगायचं होतं. वर्ग चालू ठेवायचे की बंद करायचे, ते त्यावर ठरणार होतं. आणि त्याच वर्गांवर माझी मेहुणी शिकवते. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच. हिने साहेबांना ते आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, दुसरं माणूस कुठून आणू?

हिची पद्धत अशी: तो शब्द कागदाच्या पट्टीने झाकायचा आणि मोजलंय काय, तेवढंच वाचायचं. एकाने हजेरी मोजली होती, दुसऱ्याने वर झालेले हात, तिसऱ्याने मुलांनाच विचारलं होतं, वर्ग आवडतो का. शब्द एक आणि कारभार तिघांचा. मग ही प्रत्येक व्याख्या एका अवघड पोरावर घासून बघते. या वेळी बहिणीलाच फोन करून विचारलं, तर तिने मागच्या बाकावरचं एक पोर सांगितलं. गप्प असतं, पण सगळं ऐकतं. हजेरीत ते सापडत होतं, वर झालेल्या हातांच्या मोजणीत निसटत होतं.

“सगळं एकत्र करून टाक ना,” मी म्हटलं. “वर्ग तरी वाचतील.”

“अहो, जास्त निबंध हजेरीचेच आहेत. नाव सहभागाचं आणि आकडा हजेरीचा, असं होईल ते.” तिने चष्मा काढून डोळे चोळले. “दमले हो मी या शब्दांना.”

मी चिडलो. सख्ख्या बहिणीपेक्षा शब्द मोठा झाला? पण तिने गठ्ठे वेगळेच ठेवले आणि शेवटी लिहिलं, मुलं जास्त येतात हे नक्की, पण वर्गात त्यांचा सहभाग वाढतो का, याचा पुरावा अपुरा आहे.

वरच्यांनी तेवढं वाचलं आणि वर्ग बंद केले. पुरावा नाही, म्हणजे उपयोग नाही, असा त्यांनी सरळ हिशेब केला. ही धावत साहेबांकडे गेली. “अहो साहेब, अपुरा म्हणजे अजून कुणी नीट मोजलंच नाही!”

साहेब म्हणाले, “मग तसं लिहायचं होतं, बाई.”

जगाला ‘म्हणजे काय’ विचारत हिंडली, स्वतःच्या वाक्याला तेवढं विचारायचं राहिलं.

मेहुणी आली ती भांडायला नाही. पर्स मांडीवर धरून बसली. “ताई, ते मागच्या बाकावरचं पोर गं. शेवटच्या दिवशी आपणहून फळ्यापाशी आलं, गणित सोडवलं. मी म्हटलं, तुला सांगावं.”

बहीण गेल्यावर हिने सगळे गठ्ठे उचलून कपाटात कोंबले. त्या दिवशी मी टेबलावर ताट ठेवून जेवायला बसलो. मग ताट उचलून पुन्हा मांडीवरच घेतलं.