वरच्या मजल्यावरचा फोन

माझ्या गाळ्याच्या मालकानं मला फसवलं. सोलापुरात सात रस्त्याजवळचा गाळा त्यानं टेलिफोनच्या लाइनसकट मला भाड्यानं दिला आणि त्याच लाइनवर वर स्वतःच्या घरात गुपचूप फोन चालू ठेवला. त्यापायी चादरी विणायचा माग माझ्या हातातून गेला.

गाळा घेतानाच मी जिन्यातून वर गेलेली वायर दाखवून विचारलं होतं. ‘ती मेलेली हाय शेठ, जुनी हाय, राहू द्या,’ म्हणाला. दुकानात मी फोन ठेवलाच नाही. मोबाइल होता. तारेला फक्त नेटचा मोडेम.

मी मोहोळकडचा. वडील बाजारात शेरडं विकायचे. सौदा रुमालाखाली व्हायचा. देणारा-घेणारा एकमेकांची बोटं दाबून भाव सांगणार, बघणाऱ्याला पत्ता नाही. भाव करायला मी तिथं शिकलो. मग सोलापुरात चादरींच्या एका कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या, डोक्यावर चादरी घेऊन विकल्या, दुकान टाकलं. तोच कारखाना बंद पडला आणि त्याचे माग ऑनलाइन लिलावात निघाले. ज्या मागापाशी उभं राहून मी मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, तोच मला हवा होता.

मोडेमचं काम मला रुमालामुळे लगेच कळलं. संगणकाचे आकडे तारेतून तसेच जात नाहीत. मोडेम त्यांच्या लहरी करतो, त्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजला पोचतात आणि तिथलं यंत्र त्यांचे पुन्हा आकडे करतं. बोलण्याच्या लहरी खालच्या पट्टीतल्या, नेटच्या वरच्या, म्हणून एका तारेत दोन्ही नांदतात. पण फोन असेल तिथं दोघांना वेगळं ठेवणारी छोटी डबी बसवावी लागते. ती नसली तर फोन वाजताच नेट तुटू शकतं. रुमालाखाली तिसऱ्यानं हात घातल्यासारखं.

माझं नेट सारखं तुटायचं. मोडेम बदलला. टेलिफोन कार्यालयातल्या बाईंवर ओरडलो. त्या बिचाऱ्या सांगायच्या, ‘साहेब, इथून लाइन चांगली दिसतेय.’ मग मालक जिना उतरून यायचा. ‘काय शेठ, आजबी गेलं का? लई माजलेत हे नेटवाले.’ वरून चहा पाठवायचा. तो चहा मी पीत होतो.

लिलावाच्या दिवशी दुपारी माझी बोली सर्वांत वर होती. वेळ संपत आली आणि कुणीतरी माझ्या बोलीच्या वर चढला. मी नवा आकडा टाकला, बटण दाबलं, आणि मोडेमचा दिवा विझला. मोबाइलवरून बोली लागत नाही, तिला लागणारी डिजिटल सहीची किल्ली संगणकालाच जोडावी लागते. संगणकाला मोबाइलचं नेट जोडेपर्यंत लिलाव बंद.

दुकानात मी एकटा. वरून आवाज आला, ‘बोल की आक्का! जेऊरला पोचलीस व्हय?’

मी जागचा हललो नाही. वरचं बोलणं संपलं आणि जरा वेळानं मोडेमचा दिवा परत लागला. तेव्हा मी जिना चढलो.

मालक खाटेवर बसलेला. ‘या शेठ. घावला का माग?’

मी खिशात हात घालून मोबाइलवरून माझ्याच दुकानाच्या लाइनचा नंबर लावला. त्याच्या उशाशी फोन खणखणला.

‘जरा थांबा हां, फोन आलाय.’

‘घ्या की. मीच केलाय.’

त्याचा हात हवेतच राहिला. फोन वाजतोय. आतून त्याची बायको ओरडली, ‘अवो, उचला की! आक्का असंल परत!’

शेवटी तो म्हणाला, ‘बहिणीला जुनाच नंबर पाठ हाय, शेठ. नुसतं तिचं फोन येतेत. त्यात तुमचं काय झिजलं?’

माग परगावच्या कुणीतरी उचलून नेला. लोक म्हणतात, सोड, तो तुझ्यापेक्षा वर गेलाच असता. गेला असता तर मी रुमाल झटकून उठलो असतो. हरायची मला लाज नाही. पण मला शेवटची बोलीच लावू दिली नाही.

आता मालक सांगत फिरतो, फोनमुळे नेट तुटतं हे मला काय ठाऊक. असेल. तेवढं मी सोडतो. पण नेट गेलं की मला धीर द्यायला कोण उतरत होतं? आपल्या उशाशी फोन वाजतो हे तेव्हा एकदाही तोंडातून का निघालं नाही? आणि वायर जिवंत होती, तर मेलेली म्हणून का सांगितलं?

चहा नको, मालक. खाली या, माझ्या दुकानात उभे राहा आणि याचं उत्तर द्या.