सोजराबाईचं पाणथळ

मोशीच्या सोजराबाईच्या डोळ्यांवर दोन वर्षांपासून सायीसारखा पडदा चढत होता. तिनं तो कुणाला कळू दिला नव्हता. इंद्रायणीकाठच्या पाणथळातला लव्हाळा कापून चटया विणण्यात तिची उमर गेली होती. डोळे गेले हे कळलं की घरचे कोपऱ्यात बसवतील, याची तिला मरणाहून जास्त धास्ती.

सन चोपन्नचा कार्तिक. मुलगा बबन पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर, सून अंबू खुरपणीला. सोजराबाई विळा घेऊन एकटीच गेली. धुकं इतकं दाट, की उरलीसुरली नजरही बुडाली. भारा बांधून ती वळली आणि चौथ्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. तो ओढायला गेली तर डावाही रुतला.

"अंबूऽऽ! कुनी हाय का रं?"

हाक धुक्यातच विरली. नदी कुठल्या अंगाला, गाव कुठल्या, काही उमजेना. आदल्या साली इथंच गावातल्या सोनबाची म्हैस गडप झाली होती.

तिनं भारा चिखलावर आडवा टाकला, त्यावर पालथं पडून कसेबसे पाय सोडवले. मग हात पुढं केला. बोटांना काडी लागली. गोल, गुळगुळीत, कुठं पेर न्हाई. नखानं चिरली तर आत कापसासारखा गाभा. शेंड्याजवळ बारीक बोंडांचा झुबका. एक चिमटलं, तर तीन खणांचं. लव्हाळाच.

"हितनं फुडं पानी," ती पुटपुटली आणि मागं सरली.

दुसरीकडं चाचपलं. काडी तीन धारांची लागली. मोथा! तो काठाच्या ओलीत उगवतो. त्या अंगानं ती रांगत निघाली. मध्येच पुन्हा गोल काडी हाताला आली, तेव्हा तिला रडूच फुटलं. परत फिरली, पुन्हा मोथा धरला. शेवटी बोटांखाली पेरापेरांची हरळी आली, आणि हरळीखाली घट्ट जमीन.

अंबूला ती बांधावर सापडली, चिखलानं माखलेली.

"आत्याबाई, आवं काय झालं?"

"मला दिसत न्हाई, अंबू. लई दिस झालं."

अंबू खाली बसून पदरानं तिचं तोंड पुसू लागली. "मला ठावं हाय. ताटातली भाकर तुमी चाचपून घेता."

पुढं लव्हाळा अंबू कापायची, चटया सोजराबाई विणायची. पण गालाला धुक्याचा ओलावा लागला, की सून नदीवरून परत येईस्तोवर तिचे हात जागीच थांबत.