ओसोयूसचे ढग आणि हरजीतपाजींच्या चेरी

आमच्या कॅनडातल्या सरेचा पाऊस मुका आहे, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत आहे. त्या दहिवडीच्या. तिकडे पाऊस येतो कधीतरीच, पण येतो तो वाजतगाजत. इथे आल्यापासून आई रोज खिडकीशी उभ्या राहून कुरकुरत होत्या, "गडगडत नाही, कडाडत नाही, नुसतं गाव भिजत घातलंय." जुलैत तर तोही थांबला. मग एका संध्याकाळी बातम्यांत ऐकलं, की अमेरिकेच्या वाळवंटातली मॉन्सूनची दमट हवा वर सरकतेय आणि सीमेलगतच्या ओसोयूसकडे वादळं होतील. मी ढगवेडी. माझ्या नवऱ्याने, मंदारने, शुक्रवारची सुट्टी अप्लाय केली आणि आम्ही निघालो.

सरेहून ओसोयूस पाच तासांचं धरा, थांबत गेलात तर सहा. होपला टाकी फुल करा आणि वॉशरूमलाही जाऊन या, कारण पुढे मॅनिंग पार्कच्या घाटात बराच वेळ काही मिळत नाही आणि फोनची रेंजही जाते. सकाळीच रस्त्यांची आणि वणव्यांची माहिती बघून निघा. प्रिन्स्टननंतर झाडं विरळ होत जातात, डोंगर पिवळे पडतात, आणि केरेमिओसला रस्त्याच्या दुतर्फा फळांचे स्टॉल लागतात. आई काच खाली करून बघत होत्या. "अगं रेवती, हा तर आपला माण तालुका! फक्त कुणीतरी मधे सफरचंदं लावलीत."

जुलैत तळ्याकाठची मोटेलं परवडत नाहीत, म्हणून आम्ही गावाबाहेर एका चेरीच्या बागेत बेसमेंट भाड्याने घेतलं होतं. मालक हरजीतपाजी आणि त्यांची बायको सिमरन. झाडं लालेलाल. पाजी सारखे आभाळाकडे बघत होते. आईंनी ते पाहिलं आणि त्यांना भरून आलं. आभाळाकडे बघणारा शेतकरी त्यांनी आयुष्यभर पाहिलेला. त्यांनी तिथल्या तिथे हात उंचावून आशीर्वाद दिला.

"चिंता मत करो, भाईसाब. इस बार बहुत जोरदार बारिश पडेगी!"

पाजींचा चेहरा उतरला. सिमरन मात्र हसत सुटली. "आंटी जी, ऐसी दुआ मत दो! हम तो हाथ जोड़ के बैठे हैं कि ना पड़े."

मग पाजींनी एक चेरी तोडून दाखवली. देठापाशी खळगी असते, तिथे पाणी साचतं. पिकलेलं फळ ते पितं, फुगतं आणि फाटतं. फाटलेली चेरी बाजारात कुणी घेत नाही. तोडणीची माणसं सोमवारी यायची होती, आणि हा शुक्रवार. "बस, वीकेंड निकल जाए," ते म्हणाले.

मंदारने खोलीत येताच आईला चिडवलं, "आता तुझी जीभ काळी ठरली तर?" आई हसल्या नाहीत. "मेल्या, तसं बोलू नको," एवढंच म्हणाल्या आणि लवकर झोपल्या.

शनिवारी सकाळी आम्ही वाळवंट बघायला गेलो. वाळवंट म्हणजे उंटबिंट नाहीत. राखाडी झुडपं, निवडुंग, आणि त्यातून जाणारी लाकडी पायवाट. टोपी, भरपूर पाणी आणि बंद बूट हवेतच. पायवाट सोडू नका, साप आहेत. दुपारी महामार्गाने पूर्वेकडच्या डोंगरावर चढलो. तिथे वळणावर एक थांबा आहे, आणि सगळी दरी, तळं, बागांचे चौकोन एका नजरेत येतात. विजा सुरू झाल्या की गाडीत बसायचं, काचा वर. आम्ही तेच केलं.

आणि काय सांगू! पश्चिमेच्या डोंगरामागून ढग नुसते फुलत होते, तेलात टाकलेल्या कुरड्यांसारखे. खालून निळेकाळे, वरून पांढरेशुभ्र. वीज आधी दिसायची, मग आवाज दरीभर लोळत यायचा. सगळ्यात गंमत म्हणजे पाऊस ढगातून सुटलेला दिसत होता, करडा पडदाच, पण जमिनीपर्यंत पोचत नव्हता. खालची कोरडी हवा त्याला मधेच पिऊन टाकत होती. मी आनंदाने ओरडणार, तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला.

"तिथेच राहा रे बाबा. खाली येऊ नको."

आई ढगाशी बोलत होत्या. ज्या गडगडाटासाठी एवढ्या लांब आलो, त्याला त्या परत पाठवत होत्या. माझंही मन दोन्हीकडे ओढत होतं. ढग सुंदर होते, आणि पाजींची बाग बरोबर त्यांच्या वाटेत होती.

आम्ही उतरलो आणि बागेत शिरलो तेव्हा पाऊस आमच्या आधी पोचला होता. टपोरा, गार, धो धो. पाजी व्हरांड्यात फोन कानाला लावून उभे. सगळ्या दरीला एकाच वेळी हेलिकॉप्टर हवं होतं. होय, हेलिकॉप्टर! पाऊस थांबला की ते झाडांच्या डोक्यावरून अगदी जवळून उडवतात आणि त्याच्या वाऱ्याने पाणी झटकतात. अर्ध्या तासात पाऊस ओसरला, पण हेलिकॉप्टर येईना. आई माझा हात धरून उभ्या होत्या.

शेवटी घरघर ऐकू आली. झाडं अंग घुसळायला लागली, पाण्याचे फवारे उन्हात चमकले, आमचे कपडे चिंब. पाजी ओळीओळीतून पळत फांद्या तपासत होते. पण फळ फाटलं की नाही ते सकाळीच कळणार होतं.

सकाळी आम्ही उठलो तर आई पाजींसोबत बागेत. खालच्या उताराच्या ओळी गेल्या होत्या. वरची सगळी बाग शाबूत होती.

"बच गए, आंटी जी," पाजी म्हणाले. मग हसून, "लेकिन आप अगली बार सर्दियों में आना."

आईंना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी सिमरनच्या स्वयंपाकघराचा ताबाच घेतला आणि फाटलेल्या चेरींचा वेलदोडा घालून साखरांबा केला. निघताना दोन बरण्या मिळाल्या, एक घरी पोचल्यावर पहिल्याच नाश्त्यात संपली.

घरी येऊन फोटो चाळले. विजेचा एकही धड आलेला नाही. पण तो अधांतरी पाऊस मी विसरणार नाही. जमलं तर जुलैत नक्की जा, ढग बघा, आणि बागवाल्यांना पावसाच्या शुभेच्छा देऊ नका.

बुधवारी सरेवर ढग दाटले. मंदारने हाक मारली, "आई, बघ, आले!"

आई बाल्कनीत आल्या. "कुठल्या बाजूला चाललेत?"

"पूर्वेला."

"मग पाजींना फोन लाव आधी. तोडणी झाली का विचार."

फोन लागला. तोडणी आदल्याच दिवशी संपली होती, सगळा माल गेला होता. आईंनी हुश्श केलं, खुर्ची ओढली आणि आभाळाकडे बघत आरामात बसल्या.

"मग आता पडू दे," म्हणाल्या.