पाण्याखालचा रस्ता

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. नाशिकहून एसटीने दिंडोरीच्या पुढे एका फाट्यावर उतरायचं आणि तिथून चालत धरणाच्या काठच्या वस्तीवर जायचं. तिथे तिची दोन खोल्यांची शाळा होती. नव्वदच्या दशकात, माझ्या कॉलेजला सुट्टी असली की मीही कधी कधी तिच्याबरोबर जायची. समोरच्या काठावर मोठं गाव दिसायचं. धरण व्हायच्या आधी गाव आणि वस्ती यांच्यामध्ये साधी बैलगाडीची वाट होती, वस्तीतली पोरं त्याच वाटेने गावातल्या शाळेत जायची. धरणाचं पाणी चढलं आणि वाट बुडाली. मग वस्तीने कितीतरी खेटे घालून स्वतःची शाळा मिळवली. आई तिथली पहिली बाई. भिंतीवरची बाराखडी तिने स्वतः रंगवली होती, आणि ‘ण’ला जागा पुरली नाही म्हणून तो खिडकीखाली एकटाच बसला होता.

मी भूगोल घेऊन एमए झाले, संगणकावर नकाशे करायला शिकले आणि दोन हजार सालानंतर मला जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात एक कंत्राटी नोकरी मिळाली. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी शाळेत जायचं, अंगणात जीपीएस यंत्र धरून उभं राहायचं, उपग्रह सापडले की जागा नोंदवायची. खोल्या किती, नळ आहे का, मुलींना संडास आहे का, हेही लिहायचं. मग सगळं एका नकाशावर. कुठे काय कमी आहे ते साहेबांना एका नजरेत दिसेल, असं आम्हाला सांगितलं होतं. मला ते काम मनापासून आवडायचं. सुरगाण्याकडे पोरं यंत्राभोवती गोळा व्हायची आणि विचारायची, “बाई, यात गाणी लागत्यात का?”

नकाशा झाला. संडास, नळ यांबद्दल कोणी काही विचारलं नाही. साहेबांचा पहिला प्रश्न होता, “कमी मुलांच्या कोणत्या शाळांपासून किलोमीटरच्या आत दुसरी शाळा आहे? त्या काढा.”

संगणकाने क्षणात काढल्या. त्यात आईची शाळा होती.

“साहेब, इथे मध्ये धरणाचं पाणी आहे,” मी म्हणाले. “वळसा घालून जायचं तर पोरांना दोन तास लागतील.”

“कुठे आहे पाणी? दाखवा.”

पडद्यावर पाणी नव्हतं. आमच्या नकाशाचा मूळ कागद धरणाच्या आधीचा होता. त्यावर वस्तीपासून गावापर्यंत बैलगाडीची वाट अगदी सरळ दिसत होती.

“पाटबंधारे खात्याकडून धरणाचा नकाशा मागवू या,” मी म्हणाले.

“मागवू ना. तोवर हे वर पाठवून देतो.”

मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले, तेव्हा प्रत्यक्ष पाहणी ठरली. ती ठरली मे महिन्यात. धरण तळाला गेलं होतं आणि ती जुनी वाट उघडी पडली होती. साहेबांनी जीप थेट त्या वाटेने गावातून वस्तीवर आणली. शाळेपुढे उतरून मला म्हणाले, “मॅडम, पाणी पाणी करत होतात. माझ्या बुटाला चिखलसुद्धा लागला नाही.”

वस्तीतली माणसं जमली होती. जिच्या दोन मुली आईच्या शाळेत होत्या अशी एक बाई पुढे आली. “साहेब, श्रावणात या. ह्या वाटेवर दोन पुरुष पाणी असतंय. माझ्या पोरी काय पवत जातील?”

“तिकडच्या शाळेत कॉम्प्युटर आहे, ताई. तुमच्याच मुलांचं भलं आहे.”

आई सुट्टीतही मुद्दाम आली होती. ती म्हणाली, “साहेब, वाट मे महिन्यात उघडी असते. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते.”

साहेब हसले. “बाई विनोदी आहेत तुमच्या,” असं शेजारी उभ्या असलेल्या गावच्या सरपंचाला म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

शाळा बंद झाली. पाऊस लागायच्या आत ट्रॅक्टर आला आणि बाकं, कपाट, फळा त्याच वाटेने गावातल्या शाळेत गेले. महिन्याभरात वाट बुडाली. आईची बदली पार नांदगावकडे झाली. त्या दिवशी घरी तिने मला विचारलं, “तुझ्या यंत्राला पाणी दिसत नाही का गं?”

“ते फक्त जागा सांगतं, आई.”

“मग तिथे माणसं कशाला ठेवलीत?”

पुढे आमच्या नकाशाचं कौतुक झालं. एका बैठकीत साहेबांना शाल मिळाली आणि मला पुष्पगुच्छ. तो मी रिक्षातच सोडून आले.

धरणाचा नकाशा पाटबंधारे खात्याकडून आला, पण तोवर साहेब बदलले होते. मी तो आमच्या नकाशावर बसवला. वस्ती आणि गाव यांच्यामध्ये निळा रंग पसरला. नव्या साहेबांना बोलावून दाखवला. त्यांनी नीट पाहिलं, मान हलवली. “चूकच झाली ही. पण आता नवीन शाळेचा प्रस्ताव करावा लागेल. वस्तीतली किती मुलं शाळेत जातात?”

“एक-दोन मुलगे, नातेवाइकांकडे राहून. बाकीची जात नाहीत, शाळाच नाही म्हणून.”

“म्हणजे पट नाही,” ते म्हणाले. “पटाशिवाय शाळा कशी द्यायची?”

त्यांना आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. चांगला माणूस होता तो, याचाच मला जास्त राग आला.

काही वर्षांनी वस्तीवरून, साहेबांना ‘श्रावणात या’ म्हणणाऱ्या त्या बाईच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं. शाळा बंद झाली तेव्हा ती तिसरीत होती, त्यानंतर द्राक्षांच्या मळ्यात कामाला जायची. मी आईला म्हटलं, नको जाऊस, जीवाला त्रास होईल. आई गेली. आहेराला स्टीलचा डबा घेऊन गेली आणि न जेवता परत आली. चप्पल काढता काढता म्हणाली, “नववीत असती या वर्षी.” मग आत जाऊन तिने कुकर लावला.