वासोट्याच्या वाटेवरचे गवे

काटेवाडीच्या मुक्ताबाईंचा सगळा जन्म उसात आणि गोठ्यात गेला. मुलगी सोनम मात्र सुट्टी मिळाली की डोंगर तुडवायची. साठी उलटल्यावर मुक्ताबाई तिला म्हणाल्या, "एकदा मलाबी ने."

सोनमनं त्यांना कोयनेच्या जंगलात, वासोटा किल्ल्यावर नेलं. खड्या चढणीवर सोबतच्या वाटाड्यानं अचानक हात वर करून त्यांना थांबवलं. धुकं सरलं आणि समोरच्या उतारावर गव्यांचा कळप दिसला. म्हशीच्या दीडपट धूड, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे.

"कुणाची गं ही?" मुक्ताबाईंनी हळूच विचारलं.

"कुणाचीच न्हाय, आई. रानची हायेत."

गळ्यात दावं नव्हतं, नाकात वेसण नव्हती. एका गव्यानं मान वळवून त्यांच्याकडं शांतपणे पाहिलं. मुक्ताबाईंचे हात आपोआप जोडले गेले. कळप झाडीत दिसेनासा झाला, तरी त्या तिथून हलेनात.

उतरताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी परत येऊ."