भावोजी आणि बिनदोरीची भिंत

पृथ्वी गोल आहे हे आमच्या भावोजींना मान्य आहे, पण मग तिच्यावरून माणसं घसरून पडत कशी नाहीत, याचा धक्का त्यांना अजून रोज सकाळी नव्याने बसतो. पडण्याला इतका भिणारा माणूस उभ्या डिचोली तालुक्यात शोधून सापडायचा नाही. माझ्या ताईचे हे यजमान राहतात सर्वणला, आणि धंदा काय म्हणाल तर डिचोलीच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान. त्यातही नाव शिड्यांसाठी! शिड्या विकून संसार केला, पण स्वतः जन्मात दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला नाही. दुकानातला सगळा माल कमरेच्या खाली, त्यामुळे गिऱ्हाईक आत शिरलं की नमस्कार केल्यासारखं वाकूनच फिरतं. घरात दिवा गेला तर ताई पदर खोचून कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, चढते आणि भावोजी खाली दोन्ही हात पसरून "सांबाळ गो, सांबाळ!" म्हणून असे ओरडतात की शेजारी जमा होतात. दिवा लागतो, ताई उतरते, आणि घाम भावोजींना फुटलेला असतो.

या भीतीवर त्यांनी एकच औषध शोधलं आहे, ते म्हणजे गाऱ्हाणं. आमच्याकडे शुभकार्याआधी गाऱ्हाणं सगळेच घालतात. एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची. पण शिडी विकताना गाऱ्हाणं घालणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. गिऱ्हाइकाने शिडी खांद्यावर घेतली की भावोजी चपला काढून बाजूला ठेवणार, हात जोडणार, डोळे मिटणार आणि चढणाऱ्याला सुखरूप खाली आण म्हणून सुरू करणार, "बा देवा म्हाराजा, ह्या शिडयेर जो कोण चडात, तेका सुखरूप खाली हाड रे म्हाराजा!" गिऱ्हाईक "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय शिडी दाराबाहेर जात नाही. एकदा घाईतल्या एका कंत्राटदाराने म्हणायचं टाळलं, तर भावोजींनी शिडीचं दुसरं टोक सोडलं नाही. बाजार बघत राहिला, पण शेवटी म्हणावंच लागलं त्याला.

आणि अशा माणसाच्या पोटी आमची सिद्धी! तिने पणजीतली चांगली खुर्चीतली नोकरी सोडली आणि मोरजीला भिंत चढायला शिकवू लागली. बोल्डरिंग म्हणतात त्याला. भावोजींनी ऐकलं आणि घास हातातच राहिला. "चेडू भिंतीर चडता? पाल आसा काय ती?" एवढं म्हणाले, आणि त्या दिवसापासून लेकीशी बोलणं बंद. घरात दोघं समोरासमोर जेवायची आणि मीठ मागायचं ते ताईमार्फत. ताई माझ्यापाशी रडली. मामा म्हणून माझंही काही आहे की नाही? एका रविवारी "मोरजीला कासवं बघून येऊ" म्हणून मी भावोजींना गाडीत घातलं. गाडी त्या शेडपुढे उभी राहिली तेव्हा "हयसर खंयची कासवां?" असं त्यांनी विचारलं, पण तोवर आम्ही दारात होतो.

आत पाऊल टाकलं आणि भावोजींचं राहू द्या, माझीच दातखीळ बसली! दोन पुरुष उंच भिंत, ती सरळ असेल म्हणता, तर अंगावर कोसळल्यासारखी पुढे झुकलेली. तिच्यावर रंगीबेरंगी खुंट्या, आणि खुंट्यांना लोंबकळणारी शहाणीसुरती माणसं. दोरी? नाव नको! वर जायचं आणि चक्क हात सोडून खालच्या गाद्यांवर धप्पदिशी पडायचं. पडून हसायचंसुद्धा! एक रशियन बाई पडली आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. भावोजी पुटपुटले, "पडल्यार टाळयो?"

तेवढ्यात त्यांना सिद्धी दिसली. सगळ्यात वरच्या खुंटीला बोटांवर लटकलेली, पाय हवेत.

भिंतीखाली कोणी उभं राहायचं नाही, हा तिथला पहिला नियम. वरून पडणारा खालच्यावर आदळला तर दोघांची हाडं मोडायची. आमचे भावोजी गाद्यांभोवतीचा लाल पट्टा ओलांडून, चपलांसकट गाद्यांवर धावले आणि लेकीच्या बरोबर खाली दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"बाबा, मागे सर!" सिद्धी ओरडली. तिथून उतरून येणं नव्हतं, उडीच मारायची होती. आणि खाली बाप!

"सरूचंय नाय! ये, मी धरतंय तुका!"

इतक्या दिवसांनी लेकीशी बोलला माणूस, तो हे! तिचं एक बोट खुंटीवरून सुटलेलं मी पाहिलं. भावोजींना ओढून काढणं माझ्याच्याने होणारं नव्हतं. हट्टाला पेटले की ते खांब होतात. काय सुचलं कोण जाणे, मी जीव खाऊन ओरडलो, "भावोजी, गाऱ्हाणं घाला! आणि पायांत चपला?"

भावोजींनी खाली पाहिलं. पायांत चपला! चेहऱ्यावर असा काही धक्का उमटला, की जणू चपलांसकट देवळाच्या गाभाऱ्यातच पकडले गेले असावेत. चार ढांगांत गाद्यांबाहेर आले, चपला काढून बाजूला ठेवल्या, हात जोडले, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! माझ्या चेडवाक सुखरूप खाली हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वरून सिद्धीचा आवाज आला, आणि तिने हात सोडले.

धप्प!

भावोजींनी डोळे उघडले. सिद्धी गादीवर बसून बापाकडे बघत होती.

"लागला?"

"नाय, बाबा."

"खंयच नाय?"

"खंयच नाय."

भावोजींनी उपरण्याने तोंड पुसलं. मग अगदी हळू म्हणाले, "परत एकदा पड बघूया."

ती पडली. त्यांनी पुन्हा पडायला लावलं. येताना गाडीत, डिचोली जवळ आली तेव्हा म्हणाले, "बरी पडता रे चेडू." आणि खिडकीकडे तोंड फिरवून रडले.

आता दर रविवारी ते मोरजीला जातात. पट्ट्याबाहेर अनवाणी उभे राहतात आणि गाऱ्हाणं घालतात. त्या रशियन बाईचा कंपूसुद्धा "व्हय म्हाराजा" म्हणायला शिकला आहे. सगळ्यांना वाटतं, म्हाताऱ्याची भीती गेली. मी शेजारी उभा असतो, मला दिसतं. सिद्धी वर पोचली की भावोजींचे हात जोडलेले असतात, पण तळवे एकमेकांना टेकलेले नसतात. मध्ये फट असते, केव्हाही हात पसरता येतील एवढी.